ड्रॅग कारचे मागचे एक्सल शाफ्ट मजबूत कसे करायचे

मागचा एक्सल शाफ्ट तुटला की बहुतेक लोक पहिलं काम काय करतात, तर त्याहून जाड शाफ्ट ऑर्डर करतात. बऱ्याचदा ते बरोबरच असतं, पण तुटलेला तुकडा नीट न बघता, हाऊसिंग (ज्या नळकांडीत शाफ्ट असतो ते मागचं कवच) सरळ आहे का ते न तपासता, लाँचला, म्हणजे गाडी जागेवरून जोरात सोडताना, मागचं चाक उड्या मारतंय का ते न बघता नुसता जाड शाफ्ट घातला तर तो पण जातो, किंवा तो टिकतो आणि त्याच्या आतली स्पूल (डिफरन्शियलच्या जागी दोन्ही शाफ्ट एकत्र जखडणारा भाग) नाहीतर पिनियन (क्राउन गिअरला फिरवणारा छोटा गिअर) जातो. म्हणून मी आधी शाफ्टवर नक्की काय येतं तिथून सुरू करतो, मग तुटलेला शाफ्ट कसा वाचायचा, मग निवड, मग मोजमाप आणि फिटिंग. घाई असेल त्यांनी थेट निवडीवर जावं, पण हिशोबाचा भाग वाचलात तर नको तिथे पैसे जाणार नाहीत.

समजा इंजिनचा टॉर्क ६०० न्यूटन मीटर आहे, गिअरबॉक्स टीएच ४०० म्हणजे पहिला गिअर २.४८, आणि मागचा रेशो ४.१०. गुणाकार केला की साधारण ६,१०० न्यूटन मीटर होतात, आणि ऑटोमॅटिक असल्यामुळे लाँचच्या क्षणी टॉर्क कन्व्हर्टर त्यात अजून भर घालतो, १.८ पट धरलं तर आकडा ११,००० च्या आसपास जातो. आता हा सगळा टॉर्क शाफ्टवर येतो का? नाही येत, कारण टायर तेवढं धरूच शकत नाही. दुसऱ्या बाजूने हिशोब करा. गाडी १,५०० किलोची, लाँचला पुढची चाकं जमिनीवरून उचलली म्हणजे सगळं वजन मागच्या दोन टायरवर, स्लिकची, म्हणजे नक्षी नसलेल्या रेसिंग टायरची, पकड १.५ धरा, आणि २८ इंची टायर म्हणजे त्रिज्या साधारण ३५६ मिलिमीटर. यातून येतात ७,८५० न्यूटन मीटरच्या आसपास, दोन शाफ्टमध्ये सारखे वाटले तर एकेकाला ३,९०० च्या थोडं वर. म्हणजे शाफ्टवर किती लोड येणार हे इंजिनपेक्षा टायर आणि ट्रॅक जास्त ठरवतात. साध्या रोडच्या टायरवर हाच आकडा निम्म्याच्याही खाली येतो, कारण पकड कमी आणि वजन पण तेवढं मागे जात नाही, टायर फिरतो आणि शाफ्ट वाचतो. म्हणूनच गाडी वर्षानुवर्षं रोडच्या टायरवर मजेत चालते आणि स्लिक लावल्यावर लगेच शाफ्ट जातो, इंजिनमध्ये काहीही बदललेलं नसताना. टायर बदलायच्या आधी शाफ्टचा विचार करायचा तो यासाठी.

याच ३,९०० न्यूटन मीटरला वेगवेगळ्या जाडीच्या शाफ्टवर पृष्ठभागावर किती ताण येतो बघा. २८ स्प्लाइनवाला शाफ्ट (स्प्लाइन म्हणजे शाफ्टच्या आतल्या टोकावरचे दाते, जे स्पूलमध्ये बसतात), बॉडी साधारण २८.५ मिमी धरली तर जवळपास ८६० मेगापास्कल. ३१ स्प्लाइनचा, बॉडी ३२ मिमी, तर ६१० च्या आसपास. ३५ स्प्लाइनचा, बॉडी ३६.५ मिमी, तर ४१०. चांगल्या हीट ट्रीटमेंटचा ४३४० स्टीलचा शाफ्ट पिळाच्या ताणात साधारण ८०० मेगापास्कलच्या आसपास कायमचा पीळ घ्यायला लागतो. म्हणजे २८ स्प्लाइनवाला या गाडीत पहिल्या चांगल्या लाँचलाच हद्दीबाहेर आहे, ३१ वाला जेमतेम आरामात आहे, आणि ३५ वाल्याकडे हातात भरपूर शिल्लक आहे. आणि ही शिल्लक लागतेच, कारण वरचा हिशोब शांतपणे चढणाऱ्या लोडचा आहे आणि दोन्ही बाजूंना सारखा वाटलेला आहे. स्पूल लावलेली असेल आणि एका टायरखाली ट्रॅक चिकट, दुसऱ्याखाली धूळ, तर जवळजवळ सगळा टॉर्क एकाच शाफ्टवर जाऊ शकतो. तेव्हा ३५ वाल्यावरही ८२० च्या घरात ताण जातो. ३१ वाला तर १,२०० पार करतो, म्हणजे तुटलाच.

अजून एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. शाफ्ट पिळतो, आणि चांगला निरोगी शाफ्टसुद्धा बऱ्यापैकी पिळतो. पाऊण मीटर लांबीचा ३१ स्प्लाइनवाला शाफ्ट ३,९०० न्यूटन मीटरला स्प्लाइनपासून फ्लँजपर्यंत, म्हणजे चाक बसतं त्या बाहेरच्या तबकडीपर्यंत, जवळपास २० अंश पिळतो आणि लोड गेला की परत सरळ होतो. ३५ वाला तेवढ्याच लोडला १२ अंशांवर थांबतो. हा लवचिक पीळ म्हणजे स्प्रिंगच आहे, लाँचचा झटका तोच पचवतो. म्हणून शाफ्ट पूर्ण लांबीत सारखा पिळला पाहिजे, एकाच जागी नाही. पुढे शाफ्टच्या आकाराबद्दल जे सांगणार आहे ते सगळं याच एका कारणासाठी.

आता तुटलेला तुकडा. तो फेकू नका, पुसून उन्हात किंवा चांगल्या लाइटखाली धरून बघा. तुटलेला चेहरा शाफ्टला काटकोनात, बराचसा सपाट, थोडा गोल गोल घासल्यासारखा दिसत असेल आणि शेजारच्या स्प्लाइन दोरासारख्या वळलेल्या असतील तर मटेरियल चिवट होतं पण लोड जास्त झाला, म्हणजे जाडी वाढवा. खडू दोन हातांत धरून पिळला की तो जसा तिरका, मळसूत्रासारखा तुटतो तसा ४५ अंशात तुटला असेल आणि स्प्लाइन जरासुद्धा वळलेल्या नसतील तर मटेरियल ठिसूळ होतं, जास्त टणक केलेलं होतं किंवा कुठून तरी बारीक भेग सुरू झालेली होती. तिसरा प्रकार म्हणजे थकवा. यात चेहऱ्यावर एका काठापासून सुरू झालेल्या कमानी कमानी दिसतात, एकात एक, तेवढा भाग जुना, काळपट, घासून गुळगुळीत झालेला असतो आणि उरलेला भाग ताजा, चमकणारा, दाणेदार. हा शाफ्ट त्या दिवशी तुटलेला नाही, तो कधीपासून तुटत होता. कमानी जिथून सुरू होतात त्या बिंदूवर बोट ठेवा, तिथे काहीतरी सापडतंच, ग्राइंडरची खाच, लेथच्या टूलचा चर, गंजाचा खड्डा, बेअरिंगच्या कॉलरची कडा. थकव्याने शाफ्ट बेअरिंगच्या किंवा फ्लँजच्या जवळ तुटला असेल तर तिथे पिळापेक्षा वाकण्याचा हात जास्त असतो, मग संशय हाऊसिंगवर घ्या. आणि स्प्लाइनवर लालसर भुकटी दिसली तर स्प्लाइन स्पूलमध्ये सैल बसून घासत होत्या.

निवडीकडे येतो. पहिला नियम जाडी, दुसरा आकार, तिसरा मटेरियल, या क्रमाने. लोक उलटं करतात, आधी स्टीलचं नाव विचारतात.

जाडीचं गणित असं की पिळाची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. अमेरिकन पद्धतीच्या बहुतेक रिअर एंडमध्ये (मागच्या एक्सलचा पूर्ण संच) स्प्लाइनची पिच, म्हणजे दातांमधलं अंतर, सारखी असते, त्यामुळे स्प्लाइन वाढल्या की व्यास त्याच प्रमाणात वाढतो. २८ वरून ३१ ला गेलात तर ताकद ३५ टक्क्यांच्या आसपास वाढते, ३१ वरून ३५ ला गेलात तर ४४ टक्के, ३५ वरून ४० ला गेलात तर परत जवळपास ५० टक्के. म्हणजे तेच स्टील ठेवून नुसत्या व्यासाने जे मिळतं ते कुठल्याही भारी मिश्रधातूने सहज मिळत नाही. फोर्ड ९ इंच फॅक्टरीतून २८ आणि ३१ स्प्लाइनमध्ये यायचा, जीएमचा कारमधला १२ बोल्ट ३० मध्ये, फोर्ड ८.८ पण २८ आणि ३१ मध्ये. ३५ स्प्लाइनचा बाहेरचा व्यास साधारण दीड इंच असतो आणि बहुतेक दारं असलेल्या, स्लिकवाल्या गाड्यांना तो पुरतो. ४० स्प्लाइन जड आणि खूप ताकदीच्या गाड्यांसाठी. वजन वाढेल म्हणून जाड शाफ्ट टाळणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की शाफ्टचं वजन फिरण्याच्या अक्षाच्या अगदी जवळ असतं, त्यामुळे त्याला फिरवायला फार काही लागत नाही, तेवढंच वजन टायर-रिमच्या कडेला असलं तर ते खूप महागात पडतं. कमी करायचंच असेल तर चाकात करा.

आणि तरी हलका शाफ्ट हवाच असेल तर मधून भोक पाडलेला घ्या, बारीक केलेला नको. पिळाचा ताण पृष्ठभागावर सगळ्यात जास्त आणि मध्यभागी शून्य असतो. व्यासाच्या निम्म्या मापाचं भोक पाडलं तर वजन २५ टक्के जातं आणि ताकद फक्त ६ टक्क्यांच्या आसपास कमी होते. पण हे काम शाफ्ट बनवणाऱ्याने हीट ट्रीटमेंटचा विचार करून केलेलं असावं, आहे त्या शाफ्टला लेथवर भोक पाडून नाही.

आकार. शाफ्टमध्ये सगळ्यात नाजूक जागा म्हणजे स्प्लाइन जिथे संपतात ती. तिथे प्रत्येक दाताच्या तळाशी कोपरा असतो आणि ताण तिथे गोळा होतो. चांगल्या ड्रॅग शाफ्टमध्ये बॉडीचा व्यास स्प्लाइनच्या तळाच्या व्यासापेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो आणि स्प्लाइनचे चर एकदम न थांबता हळूहळू वर येऊन मिटतात. दिसायला वाटतं की बॉडी बारीक केली म्हणजे शाफ्ट कमजोर झाला, पण उलट आहे, पीळ मग पूर्ण लांबीत पसरतो आणि स्प्लाइनच्या कोपऱ्यावरचा भार उतरतो. दुसरी नाजूक जागा फ्लँज आणि शाफ्टच्या सांध्यातली गोलाई. ती मोठी, गुळगुळीत हवी. हातात घेऊन नखाने फिरवून बघा, टूलचे चर नखाला लागले तर तो शाफ्ट रेसिंगचा नाही.

मटेरियल. फॅक्टरीचे शाफ्ट सहसा मध्यम कार्बनच्या स्टीलचे असतात, इंडक्शनने वरचा थर टणक केलेला आणि आतला गाभा मऊ, चिवट. आफ्टरमार्केटमध्ये १५४१ स्टीलचे इंडक्शन हार्डन केलेले शाफ्ट मिळतात, रोड आणि स्ट्रिप दोन्हीकडे चालणाऱ्या गाडीला ते उत्तम, कारण बेअरिंगची आणि सीलची जागा टणक असते, झीज कमी. त्याच्या वर ४३४०, जो आरपार हार्डन करतात, आणि त्याच्या वर ३०० एम, म्हणजे ४३४० मध्येच सिलिकॉन वाढवून आणि थोडं व्हॅनेडियम घालून केलेलं स्टील, खूप ताकदीचं. पण ३०० एम ओरखडे आणि गंज सहन करत नाही. जितकं स्टील जास्त ताकदीचं तितकं ते पृष्ठभागाच्या छोट्या खोटीला घाबरतं, हे पक्कं लक्षात ठेवा. अशा शाफ्टला चमकायला क्रोम प्लेटिंग करू नका आणि गंज काढायला ॲसिडमध्ये बुडवू नका, दोन्हींतून हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो आणि शाफ्ट काही इशारा न देता ठिसूळपणे तुटतो. तेलाचा हात द्या, कपड्यात गुंडाळून ठेवा, एवढं पुरतं.

जुना फॅक्टरी शाफ्ट कापून, नवीन स्प्लाइन पाडून आखूड करायचा विचार ड्रॅग कारसाठी सोडून द्या. बऱ्याच फॅक्टरी शाफ्टची बॉडी मधे बारीक होत गेलेली असते, तिथे पुरेसा व्यासच उरत नाही, आणि जिथे उरतो तिथे नवीन दाते पाडताना टणक थर निघून जातो. शाफ्टवर वेल्डिंग तर कुठेच नाही, फ्लँजला पण नाही, टॅक सुद्धा नाही. आणि घरी भट्टीत तापवून तेलात बुडवण्याचे प्रयोग पण नकोत.

आहे त्या शाफ्टवर काय करता येतं? ज्यांना लगेच नवीन घेणं शक्य नाही त्यांच्यासाठी हे खरंच उपयोगाचं आहे. आधी मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी (चुंबक आणि लोखंडी भुकटीने बारीक भेगा शोधणं) करून घ्या, भेग असेल तर पुढे काहीच करायचं नाही. भेग नसेल तर बॉडीवरचे चर आणि ओरखडे बारीक पॉलिश पेपरने काढा, शेवटचा हात शाफ्टच्या लांबीच्या दिशेने, बेअरिंग आणि सीलची जागा मात्र टेप लावून झाकून ठेवा. मग शॉट पीनिंग. बारीक गोळ्यांच्या माऱ्याने पृष्ठभागात दाबाचा थर तयार होतो आणि भेग सुरू व्हायला वेळ लागतो. पीनिंग झाल्यावर परत पॉलिश पेपर घासू नका, केलेलं सगळं घासून जाईल. याने थकव्याचं आयुष्य वाढतं, एका झटक्यात तुटण्याची मर्यादा फारशी वाढत नाही, त्यामुळे २८ स्प्लाइनवाल्याचा ३५ वाला होणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी कुणाचं काही ऐकत नाही. तुमच्या रिअर एंडमध्ये सी क्लिप असेल, म्हणजे शाफ्ट आत डिफरन्शियलमध्ये एका छोट्या सी आकाराच्या क्लिपने अडकवलेला असेल, तर शाफ्ट कुठेही तुटला की क्लिपच्या बाहेरचा भाग चाकासकट गाडीतून बाहेर येतो. अर्ध्या ट्रॅकवर, पूर्ण वेगात. जीएमचे १० बोल्ट आणि १२ बोल्ट, फोर्ड ८.८ हे बहुतेक असेच असतात. फोर्ड ९ इंचमध्ये शाफ्ट बाहेरच्या टोकाला बेअरिंग आणि रिटेनर प्लेटने धरलेला असतो, आत तुटला तरी चाक सहसा गाडीला राहतं. एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संस्था) नियमात पाव मैल १०.९९ सेकंदात किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीला आफ्टरमार्केट शाफ्ट आणि शाफ्ट धरून ठेवायची सोय दोन्ही सक्तीचे आहेत, आणि डिफरन्शियल लॉक केलेलं असेल तर हळू गाड्यांनाही. नवीन मॉडेलच्या गाड्यांना काही सवलती असतात, आपल्या क्लासचं नियमपुस्तक उघडून बघा. पण नियम काहीही म्हणो, स्लिक लावणार असाल तर सी क्लिप काढा. बोल्टने बसणारे एलिमिनेटर किट मिळतात, त्यात तेल गळायची तक्रार कायम ऐकू येते, माझं मत विचाराल तर हाऊसिंगची टोकं कापून ९ इंच पद्धतीची टोकं वेल्ड करून घेणं जास्त चांगलं. एकदाच काम, आणि बेअरिंग पण मोठं मिळतं.

ताकद खूपच असेल तर फुल फ्लोटर हब बघा. साध्या रचनेत शाफ्ट गाडीचं वजनही झेलतो आणि टॉर्कही देतो, म्हणजे वाकतो पण आणि पिळतो पण. फ्लोटरमध्ये वजन हबच्या बेअरिंगवर जातं आणि शाफ्टला फक्त पिळायचं काम राहतं, आणि तुटला तरी चाक हबवर तसंच राहतं.

शाफ्ट ऑर्डर करायच्या आधी हाऊसिंग तपासायचं, नंतर नाही. हाऊसिंग वाकलेलं असेल तर शाफ्ट प्रत्येक फेरीला एकदा वाकतो आणि सरळ होतो, कितीही भारी स्टील घाला, थकव्याने जाणारच. तपासायला एक जाड सरळ ग्राउंड बार लागतो, डिफरन्शियलच्या साइड बेअरिंगच्या जागी आणि दोन्ही टोकांच्या बेअरिंगच्या जागी टर्न केलेल्या चकत्या बसवायच्या आणि बार आरपार सरकवायचा. हाताने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून गेला तर तो गेला असं मानू नका. १२ बोल्ट आणि ८.८ सारख्या हाऊसिंगमध्ये ट्यूब मधल्या कास्टिंगमध्ये दाबून, थोड्याशा प्लग वेल्डवर बसवलेल्या असतात, जोरदार लाँचला त्या फिरू शकतात, त्या कास्टिंगला वेल्ड करून घ्या, पण कास्ट आयर्नचं काम आहे, आधी तापवून, निकेल रॉडने, आणि हळूहळू थंड होऊ देऊन. ९ इंचला मागून ब्रेस लावतात. ब्रेसचं वेल्डिंग सलग ओढू नका, छोटे छोटे तुकडे, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, मधे थंड होऊ द्या, नाहीतर वेल्डच हाऊसिंगला वाकवतं. टोकांचं वेल्डिंग सगळ्यात शेवटी आणि बार आत ठेवूनच.

मोजमाप घेताना स्पूल किंवा डिफरन्शियल प्रत्यक्ष आत बसवलेलं असू द्या. हाऊसिंगच्या टोकाच्या तोंडापासून स्पूलच्या स्प्लाइनच्या सुरुवातीपर्यंत आणि शेवटपर्यंत, दोन्ही बाजूंची वेगवेगळी मापं घ्या, कारण पिनियन मध्यावर नसेल तर दोन्ही शाफ्ट सारख्या लांबीचे नसतात. ब्रेकच्या बॅकिंग प्लेटची जाडी, बेअरिंगची खोली, चाकाचा ऑफसेट, सगळं कागदावर लिहा आणि ज्याच्याकडून शाफ्ट बनवताय त्याचाच मापाचा फॉर्म वापरा, प्रत्येकाची मोजायची सुरुवात वेगळी असते आणि तिथेच चूक होते. शाफ्टच्या स्प्लाइन स्पूलमध्ये कमीत कमी शाफ्टच्या व्यासाएवढ्या लांबीत तरी बसल्या पाहिजेत, पूर्ण बसल्या तर उत्तम, पण टोक आत कशालाही टेकता कामा नये, ३ ते ६ मिमी मोकळीक ठेवा. तपासायला टोकाला थोडा मातीचा गोळा किंवा ग्रीस लावून शाफ्ट पूर्ण आत घाला, बाहेर काढा, किती दबलं ते बघा. स्प्लाइनला रंग लावून एकदा आत-बाहेर केलं की किती लांबी खरी बसते तेही कळतं.

स्पूल वापरणाऱ्यांसाठी एक मुद्दा. दोन शाफ्टची लांबी फार वेगळी असेल तर आखूड शाफ्ट जास्त कडक असतो आणि पहिला झटका तोच खातो. म्हणून नवीन हाऊसिंग बनवतच असाल तर दोन्ही लांब्या शक्य तितक्या जवळ आणा. आणि शाफ्ट नेहमी जोडीने बदला. एक तुटला म्हणजे दुसऱ्याने पण तेच सगळे लाँच खाल्लेत.

फिटिंग. जुना बेअरिंग आणि त्याची कॉलर काढताना सगळ्यात जास्त शाफ्ट खराब होतात, म्हणून हे सावकाश करा. गॅस कटर नको, ग्राइंडरने आरपार कापणं नको. कॉलरला ड्रिलने भोक पाडा, पण शाफ्टला लागायच्या आधी थांबा, भोक बहुतेक खोल गेलं की त्याच जागी छिन्नी धरून एक जोरदार हातोडा मारा, कॉलर तडकते आणि हाताने निघते. नंतर ती जागा नखाने तपासा. ड्रिलचं टोक शाफ्टला लागून खड्डा पडला असेल तर तो शाफ्ट रेसला नको, बेअरिंगच्या कॉलरखालचीच ती जागा आहे जिथे वाकण्याचा ताण सगळ्यात जास्त असतो. नवीन बसवताना आधी रिटेनर प्लेट शाफ्टवर घाला, नाहीतर सगळं प्रेस करून झाल्यावर ती टेबलावर पडलेली दिसते आणि सगळं परत काढावं लागतं. मग बेअरिंग, आतल्या रिंगवर जोर देऊन, बाहेरच्या रिंगवर कधीच नाही. मग कॉलर वेगळी प्रेस करा, बेअरिंग आणि कॉलर एकदम ढकलू नका.

स्टडचं काम यातच उरकून घ्या. शाफ्ट ३५ स्प्लाइनचा आणि चाक जुन्या बारीक स्टडवर, असं करू नका. अर्धा इंच हा किमान, जड किंवा खूप ताकदीच्या गाडीला पाच अष्टमांश इंच. नटमध्ये कमीत कमी स्टडच्या व्यासाएवढे आटे बसले पाहिजेत, हा एनएचआरएचाही नियम आहे. नट नेहमी टॉर्क रेंचने, आणि पहिल्या काही पळतींनंतर परत तपासून.

शाफ्ट तुटायची खरी वेळ म्हणजे टायर सुटतो आणि परत पकडतो तो क्षण. टायर फिरत असताना शाफ्ट मोकळा झालेला असतो, चाक, ड्रम, रिम सगळं वेगात फिरतंय, आणि अचानक रबर ट्रॅकला चिकटतं, तेव्हा त्या फिरणाऱ्या सगळ्या वजनाची ताकद एका झटक्यात शाफ्टवर येते. चाक उड्या मारतं तेव्हा हेच सेकंदाला कितीतरी वेळा होतं, पुढे-मागे दोन्ही दिशांनी, आणि याला कुठलाच शाफ्ट फार काळ पुरत नाही. म्हणून मागच्या सस्पेन्शनचे बुश, शॉक, लॅडर बार किंवा फोर लिंकचे (एक्सलला गाडीशी जोडणारे दांडे) कोन आधी नीट करा, मागून फोनवर स्लो मोशनमध्ये लाँचचा व्हिडिओ काढा, टायरची साइडवॉल आणि चाक किती वेळा वर-खाली होतंय ते स्पष्ट दिसतं. उडी सुरू झाली की ॲक्सिलरेटर सोडा, ती पळत गेली तर गेली. बर्नआउटला, म्हणजे रेसच्या आधी टायर जागेवर फिरवून गरम करताना, पाण्यातून फिरती चाकं तशीच कोरड्या चिकट भागावर नेऊ नका, तिथे पकड एकदम येते. मॅन्युअल गाडीत क्लच एकदम सोडून लाँच करत असाल तर शाफ्टला ऑटोमॅटिकपेक्षा वाईट झटका बसतो, थोडा घसरू देणारा क्लच लावलात तर शाफ्ट, गिअरबॉक्स, क्राउन पिनियन सगळ्यांचं आयुष्य वाढतं.

शाफ्ट बसवायच्या आधी त्याच्या पूर्ण लांबीवर पेंट मार्करने एक सरळ रेघ मारून ठेवा, स्टीलची पट्टी धरून. खोदून किंवा टोचून नाही, फक्त रंग. काही रेस मीटनंतर शाफ्ट बाहेर काढला की परत पट्टी धरायची. रेघ सरळ असेल तर शाफ्ट आपल्या हद्दीत काम करतोय. रेघ किंचित तिरकी झाली असेल तर कायमचा पीळ बसायला लागलाय, लगेच तुटेलच असं नाही पण त्याची तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी वाढला का ते बघा, वाढत असेल तर बदला. स्प्लाइनच्या सुरुवातीचे दाते एका बाजूला झुकलेले दिसले तर मात्र तिथेच थांबा. दोन्ही शाफ्ट सारख्या लांबीचे असले तरी डावा डावीकडेच आणि उजवा उजवीकडेच परत घाला, फ्लँजवर मार्करने लिहून ठेवा, कारण एका दिशेने पीळ घेतलेला शाफ्ट उलट्या दिशेने फिरवला की त्याची सहनशक्ती कमी होते. जादा शाफ्ट सोबत ठेवत असाल तर त्याच्यावर बेअरिंग, कॉलर, रिटेनर प्लेट, स्टड आधीच बसवून ठेवा, ट्रॅकवर प्रेस मिळत नाही. आणि तुटलेला शाफ्ट काढल्यावर नवीन घालायच्या आधी हाऊसिंगमध्ये आणि स्पूलच्या आत अडकलेले तुकडे चुंबकाने बाहेर काढा, तेल पूर्ण बदला, एक छोटासा स्प्लाइनचा दाता क्राउन आणि पिनियनच्या मधे गेला की दोन्ही गेले.